उजवं पुढचं चाक

आवाज नक्की कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही, आणि माझी सगळी लाज या एका वाक्यात आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी झाला असावा. गाडी ताशी पन्नासच्या पुढे गेली की खालून काहीतरी घुमायचं. वेग वाढला की सूर चढायचा, पाय उचलला की उतरायचा. मी गाण्यांचा आवाज वाढवला. साताऱ्याला जाताना मागच्या सीटवरून आई म्हणाली, "विमानात बसल्यासारखं वाटतंय रे." मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

आता लाजेचं कारण. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमची टीम जे सॉफ्टवेअर बनवते ते कारखान्यांतल्या मोटर, पंप, पंखे यांच्या कंपनांवरून त्यांची बेअरिंग कधी जाणार याचा अंदाज बांधतं. या कामात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी एकाच डेटावर हात साफ करतो. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने दोन हॉर्सपॉवरच्या मोटरला मुद्दाम बिघडवलेली बेअरिंग लावून ही मोजमापं घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. विजेच्या ठिणगीने बारीक खड्डे पाडलेली बेअरिंग. त्यातलं एक ६२०५ नंबरचं, आत नऊ गोळ्या. बाहेरच्या कड्याला खड्डा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात ३.५८ ठोके, आतल्या कड्याला असेल तर ५.४१. हे आकडे मला झोपेत विचारले तरी सांगता येतील. स्वतःच्या गाडीतला आवाज मात्र मला महिनाभर रस्त्याचा वाटला.

मग एका गॅरेजवाल्याला टायरचा वाटला. चाकांची झीज खरंच थोडी वेडीवाकडी होती, त्यामुळे मलाही पटलं. चारही टायर बदलले. पैसे गेले, नव्या टायरचा वास आला, आणि चांदणी चौक ओलांडायच्या आत घूं सुरू.

शेवटी बाबांनी मला चिंचवडला मामांकडे पाठवलं. मामा म्हणजे कोणाचेच मामा नाहीत, गॅरेजला येणारे सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलंच नाही. शेजारी बसले, "एसी बंद कर, ते गाणं बंद कर, काचा वर घे" म्हणाले, आणि मोकळ्या रस्त्यावर आल्यावर, "साठला धर. आता हळूच डावीकडे. आता उजवीकडे. परत डावीकडे." डावीकडे वळवलं की आवाज भरायचा, उजवीकडे वळवलं की ओसरायचा. तीन मिनिटांत निकाल लागला. "उजवं पुढचं. व्हील बेअरिंग गेलंय."

गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजवीकडे झुकतं. उजवं चाक जास्त ओझं घेतं, आणि झिजलेलं बेअरिंग ओझ्याखाली जास्त ओरडतं. टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो, बेअरिंगचा तसा बदलत नाही. यात काही गूढ नाही, पण कोणीतरी गाणं बंद करून ऐकावं लागतं.

गॅरेजवर आल्यावर जॅक लावून त्यांनी चाक वर-खाली धरून हलवलं. किंचित खडखडलं. मग आडवं धरून हलवलं, कारण त्या दिशेने हललं तर दोष स्टिअरिंगच्या सांध्यात असू शकतो. शेवटी माझा हात घेऊन स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून तळव्याला वाळू दळल्यासारखं लागत होतं. डाव्या चाकाच्या स्प्रिंगला हात लावला, तिथे काहीच नाही. माझ्या ऑफिसमध्ये या कामासाठी जो सेन्सर वापरतात त्याची किंमत मी इथे लिहीत नाही.

पार्ट यायला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस आणि पुढचे बरेच आठवडे मी बेअरिंगच्या इतिहासात घालवले. एखादी गोष्ट आपल्याला येते असं वाटत असताना ती येत नाही हे कळलं, की माणूस तिच्या मुळाशी जायला बघतो. माझं तसं झालं.

*

चाकाचा आजार ओळखायची सर्वांत जुनी खूण आवाज आणि उष्णता. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात काळाचं एक चाक येतं. त्याला पाच आरे आहेत आणि त्यावर सगळी भुवनं उभी आहेत. त्या चाकाचं कौतुक करताना कवी सांगतो की एवढा भार वाहूनही त्याचा आस तापत नाही आणि तुंब्यासकट मोडत नाही. मी संस्कृतचा अभ्यासक नाही, पण ही ओळ वाचल्यावर मला देव दिसायच्या आधी गाडीवान दिसला. ज्याने तापलेला आस पाहिलाय, त्यावर हात ठेवून चटकन मागे घेतलाय, त्यालाच न तापणारा आस हा चमत्कार वाटणार.

लाकडाच्या आसावर लाकडाचा तुंबा घासतो. लोखंड आलं तरी घासणं संपलं नाही. आपल्याकडे बैलगाडीला वंगण लागायचं, त्यासाठी एरंडेल असायचं, आणि चाक करकरायला लागलं की गाडी थांबवून ते लावायचं ही साधी रीत होती. रेल्वे आल्यावरही पहिली शंभर वर्षं डब्याचा आस मूलतः याच तत्त्वावर फिरला. पितळेच्या तुकड्याखाली पोलादी आस, मध्ये तेलाचा पातळ थर आणि तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा. तेल संपलं की आस तापायचा, धूर यायचा, आणि वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही तर आस मोडून गाडी रुळांवरून खाली. इंग्रजीत याला 'हॉट बॉक्स' म्हणत, आपल्या रेल्वेत 'हॉट अ‍ॅक्सल' म्हणतात. स्टेशनात गाडी शिरताना रुळांच्या बाजूला बसून चाकांकडे बघणारी, ऐकणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मला लहानपणी ती रिकामटेकडी वाटायची.

घासण्याऐवजी गडगडलं तर सोपं जाईल, ही कल्पनाही फार जुनी. रोमजवळच्या नेमी तलावाच्या तळाशी कॅलिग्युला या सम्राटाची दोन प्रचंड जहाजं बुडालेली होती. पहिल्या शतकातली. मुसोलिनीच्या काळात, १९२९ ते १९३२मध्ये, तलावाचं पाणी उपसून ती बाहेर काढली. त्यात फिरत्या पाटाचे अवशेष मिळाले, आणि पाटाखाली ब्राँझच्या गोळ्या. प्रत्येक गोळीला दोन्ही बाजूंना छोटे खुंट होते, म्हणजे ती जागच्या जागी फिरायची. १९४४च्या मे महिन्यात युद्धाच्या आगीत ती जहाजं जळून गेली.

लिओनार्डो दा विंची पंधराव्या शतकाच्या शेवटी याच प्रश्नावर चित्रं काढत होता. त्याची ती वही माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या जागी पडून राहिली आणि १९६०च्या दशकात पुन्हा सापडली. त्यात त्याने एक बारीक गोष्ट पकडली आहे. शेजारच्या दोन गोळ्या एकमेकींना टेकल्या तर जिथे टेकतात तिथे त्या उलट दिशांना फिरत असतात, म्हणजे पुन्हा घासणं आलंच. म्हणून त्यांना वेगळं ठेवा. आजच्या प्रत्येक बेअरिंगमध्ये गोळ्यांमध्ये अंतर राखणारा जो पिंजरा असतो, त्यामागचा विचार हाच. पुढे अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या मूळच्या सुताराने समुद्रावरच्या घड्याळासाठी पिंजऱ्यातलं रोलर बेअरिंग खरोखर बनवलं.

आणि १७९४मध्ये वेल्समधल्या कारमार्थन गावच्या फिलिप वॉन या लोखंडाच्या व्यावसायिकाने पेटंट घेतलं ते थेट गाडीच्या चाकासाठी. आसाभोवती खाच, खाचेत गोळ्या, गोळ्या भरायला एक भोक आणि भोकाला बूच. रेखाटन बघितलं तर चक्क आजचं व्हील बेअरिंग.

मग ते तेव्हाच का चाललं नाही? याचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते कल्पनेबद्दल नाही, कारखान्याबद्दल आहे. दहा गोळ्यांपैकी एक केसभर मोठी असेल तर सगळा भार ती एकटी घेते. तिला भेग पडते, तिचे तुकडे बाकीच्यांच्या वाटेत येतात, संपलं. एकसारख्या गोळ्या बनवणं कोणालाच जमत नव्हतं, आणि हवं तितकं कठीण पोलादही नव्हतं. कल्पना जवळपास शंभर वर्षं तशीच पडून राहिली.

सुटका केली सायकलने. सायकलवाला स्वतःच इंजिन असल्यामुळे घर्षण त्याच्या मांड्यांना कळतं. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल मेकॅनिकने १८६९मध्ये बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूर याने अशी बेअरिंग लावलेल्या सायकलवर जिंकली. १२३ किलोमीटर, दहा तास चाळीस मिनिटं. नंतर १८८३मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र बनवलं. ज्याला सायकलच्या दुकानात 'छर्रे' म्हणतात ते हजारोंनी एकाच मापाचे मिळायला लागले. श्वाइनफुर्ट हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोळी एका बिंदूवर टेकते, त्यामुळे जड गाडीला ती अपुरी पडते. शिवाय चाकावर ओझं फक्त वरून येत नाही. वळणावर ते बाजूनेही येतं. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणारा, जर्मनीतून आलेला हेन्री टिमकेन पासष्टी उलटल्यावर या बाजूच्या ओझ्यामागे लागला. त्याने १८९८मध्ये शंकूसारख्या निमुळत्या रोलरचं बेअरिंग पेटंट केलं. निमुळत्या आकारामुळे ते वरचा आणि बाजूचा, दोन्ही भार घेतं. मामा स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगत होते तेव्हा ते टिमकेनच्याच प्रश्नाशी खेळत होते.

*

आता थोडं गणित, आणि ते मी टाळणार नाही.

१८८०च्या नाताळच्या सुट्टीत बर्लिनमध्ये तेवीस वर्षांचा एक भौतिकशास्त्रज्ञ काचेच्या भिंगांचा विचार करत होता. दोन भिंगं एकमेकांवर दाबली की टेकण्याची जागा किती चपटी होते आणि आत ताण किती येतो? सुट्टी संपेपर्यंत त्याने उत्तर काढलं आणि जानेवारी १८८१मध्ये सादर केलं. त्याचं नाव हाइनरिश हर्ट्झ. हो, तोच. रेडिओ लहरींवाला. पोलादी गोळी कड्यावर टेकते तिथला ताण आजही त्याच्याच सूत्राने काढतात. मी रोज कंपनं हर्ट्झमध्ये मोजतो, आणि ज्या ताणामुळे ती कंपनं जन्मतात तोही हर्ट्झचाच, हे मला या वाचनाआधी माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणीतरी सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

हर्ट्झच्या सूत्रातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट निघते. सर्वांत जास्त कातर ताण पृष्ठभागावर नसतो, त्याच्या किंचित खाली असतो. म्हणजे बाहेरून आरशासारखं चकचकीत दिसणारं कडं आतून थकत असतं. लाखो वेळा दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. एक दिवस आत सुरू झालेली भेग वर येते आणि पृष्ठभागाचा कपचा निघतो. ग्रीस भरपूर, धूळ नाही, बसवणी उत्तम, तरीही.

१९२४मध्ये आर्विड पाल्मग्रेन या स्वीडिश इंजिनिअरने या थकव्याचा हिशेब मांडला, आणि १९४७मध्ये लुंडबर्गसोबत तो पक्का केला. आजही बेअरिंगचं आयुष्य याच परंपरेतल्या सूत्राने ठरतं. भार दुप्पट केला की बॉल बेअरिंगचं आयुष्य निम्मं नाही, एक अष्टमांश होतं. घनाचा नियम. पुण्यातला प्रत्येक खड्डा क्षणभर भार कितीतरी पटींनी वाढवतो, बाकीचं तुम्हीच काढा.

आणि आयुष्य म्हणजे काय, तर ते एका बेअरिंगचं नसतंच. एकसारखी शंभर बेअरिंग एकसारखी चालवली, तर ज्या फेऱ्यांपर्यंत त्यातली नव्वद टिकतात, त्या फेऱ्या. उरलेली दहा त्याआधी गेलेली चालतात. कॅटलॉगात छापलेल्या आयुष्यात ही दहा धरलेलीच आहेत. आमची गाडी ९२ हजार किलोमीटर चालली होती. चाकाचा घेर सुमारे १.९५ मीटर धरला तर पावणेपाच कोटी फेरे. माझं बेअरिंग नव्वदातलं की दहातलं, हे सूत्र सांगत नाही. ते काम स्प्रिंगवर ठेवलेल्या हाताचं.

पाल्मग्रेन ज्या कंपनीत होता ती एसकेएफ, आणि तिचा जन्मही एका त्रासातून झाला. गोथेनबर्गच्या कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, इमारत हलायची, शाफ्ट तिरके व्हायचे आणि बेअरिंग सारखी जायची. १९०७मध्ये त्याने शाफ्ट थोडा तिरका झाला तरी चालेल असं, आपोआप जुळवून घेणारं बेअरिंग बनवलं. या कंपनीने १९१५मध्ये बेअरिंगच्या एका मालिकेसाठी लॅटिन नाव नोंदवलं होतं, अर्थ 'मी फिरतो'. मालिका चालली नाही, नाव पडून राहिलं. १९२७मध्ये ते एका मोटारीला दिलं. व्होल्वो.

*

श्वाइनफुर्ट.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या नियोजकांनी प्रश्न विचारला, जर्मनीच्या युद्धयंत्रातला एक कोणता भाग काढला तर सगळं थांबेल? विमान, रणगाडा, ट्रक, पाणबुडी, सगळ्यांत बेअरिंग आहेत, आणि जर्मनीतल्या बेअरिंगांचा फार मोठा हिस्सा एकाच गावात बनतो. फिशरच्या गोळ्या घासणाऱ्या यंत्राच्या गावात. १७ ऑगस्ट १९४३ला अमेरिकेची बी-१७ विमानं श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेली. त्या दिवशी ६० विमानं पडली. १४ ऑक्टोबरला २९१ विमानं पुन्हा फक्त श्वाइनफुर्टसाठी निघाली, त्यातली ६० परतली नाहीत. प्रत्येक विमानात दहा माणसं. बहुतेक माझ्याहून लहान.

जर्मनीचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअर याने नंतर लिहिलं की ऑगस्टच्या हल्ल्याने बेअरिंगचं उत्पादन ३८ टक्क्यांनी घटलं. तरीही यंत्र थांबलं नाही. साठे होते, कारखाने विखुरले गेले, जिथे चालेल तिथे गोळ्यांऐवजी साधी घासणारी बेअरिंग बसवली गेली. म्हणजे एवढ्या रक्तपातानंतर काही यंत्रं तुंबा आणि वंगणाच्या जमान्यात परत गेली आणि चालत राहिली. शिवाय स्वीडन तटस्थ होता आणि बेअरिंग विकत होता, दोन्ही बाजूंना. श्वाइनफुर्टमधल्या एका मोठ्या बेअरिंग कंपनीची मालकीही स्वीडिशच होती.

इंग्लंडला तीच बेअरिंग हवी होती. त्यासाठी स्कॉटलंड ते स्टॉकहोम अशी लाकडी मॉस्किटो विमानं जायची, रात्री, खूप उंचावरून, बिनशस्त्र. परतताना पोटात बेअरिंग. ऑक्टोबर १९४३मध्येच, त्याच पोटात, बॉम्ब ठेवायच्या जागेत झोपवून नील्स बोर यांना इंग्लंडला आणलं. अणूची रचना सांगणारा शास्त्रज्ञ आणि पोलादी गोळ्या, एकाच कप्प्यातून, एकाच वाटेने. यावर मला काही बोलायचं नाही, फक्त हे वाचल्यावर मी बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता.

*

चिंचवडमध्ये बेअरिंगचा कारखाना १९६०च्या दशकात आला, तोही त्याच स्वीडिश कंपनीचा. आमच्या भागातल्या बाबांच्या पिढीतल्या पोरांना बेअरिंग म्हणजे आधी खेळणं. भंगारातली तीन बेअरिंग, एक फळी, पुढे दोरी, झाली गाडी. उतारावरून सोडली की अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. मामांच्या कानाचं शिक्षण तिथे झालं असं त्यांचं म्हणणं आहे. चांगलं बेअरिंग गातं, वाईट खाकरतं.

गॅरेजात शिकले तेव्हा बहुतेक गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या. त्यांच्या पुढच्या चाकांत दोन टेपर रोलर बेअरिंग, ठराविक काळाने उघडायची, रॉकेलने धुवायची, तळहातावर ग्रीस घेऊन आत दाबून भरायची. मग नट घट्ट करायचा, चाक फिरवायचं, नट किंचित सोडायचा आणि पिन घालायची. किंचित म्हणजे किती, हे हाताला कळायचं. जास्त घट्ट तर तापणार, सैल तर डुगडुगणार. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या चाकांनी ओढणारी, आणि हळूहळू ही कामं बंद झाली. आता दोन ओळींचं, दोन्हीकडून सीलबंद बेअरिंग असतं. उघडायचं नाही, भरायचं नाही, गेलं की बदलायचं. नव्या गाड्यांत तर हबसकट अख्खं युनिट चार बोल्ट काढून बदलतात. मामांची तक्रार नाही, सीलबंद बेअरिंग जुन्यापेक्षा खूप जास्त टिकतं हे तेच सांगतात. पण पूर्वी दरवर्षी कोणीतरी चाक उघडून आत बघायचं. आता आत बघणारं कोणी नाही, फक्त बाहेरून ऐकणारं असेल तर असेल.

आमच्या गाडीचं बेअरिंग प्रेसने बसवायच्या जातीचं होतं. गाडी जमिनीवर असतानाच हबचा नट सैल केला. चाक, मग कॅलिपर. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून तारेने स्प्रिंगला बांधला. डिस्क, एबीएसचा सेन्सर, स्टिअरिंगचा सांधा, खालचा सांधा. ड्राइव्ह शाफ्ट सरकवून अख्खी नकल बाहेर काढली आणि प्रेसखाली ठेवली. कर्रर्र आणि मग बंदुकीसारखा आवाज, हब सुटला. बेअरिंगचं आतलं अर्धं कडं हबवरच चिकटून आलं. ते ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीच्या एका ठोक्यात तोडलं, हबला ओरखडा न पाडता. सर्क्लिप काढून बाहेरचं कडं दाबून काढलं.

नवीन बसवताना मामा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मी हातभार म्हणून प्रेसखाली ठेवायला पाइपचा तुकडा पुढे केला होता, आणि तो आतल्या कड्यावर बसत होता. "बाहेरच्या कड्यावर दाब दे. आतल्यावर दिलास तर सगळा जोर गोळ्यांतून जाणार. आत्ताच मारशील त्याला." तसं झालं की गोळ्या कड्यावर बारीक खळगे पाडतात. दिसत नाहीत, पण नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमतं. याला ब्रिनेलिंग म्हणतात, योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश इंजिनिअरच्या नावावरून. पोलादी गोळी धातूवर दाबून खळगा मोजायचा आणि त्यावरून धातूचा कठीणपणा ठरवायचा, ही त्याची चाचणी. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ती मांडली. त्याने जे मुद्दाम केलं तेच मी अजाणता करणार होतो.

याचा एक खोटा भाऊही आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने लांब पाठवल्या जायच्या आणि एकही किलोमीटर न चालता त्यांची व्हील बेअरिंग खराब होऊन उतरायची. चाक फिरत नाही, डबा मात्र दोन-तीन हजार किलोमीटर थरथरतो, गोळ्या एकाच जागी घासत राहतात, ग्रीस बाजूला सरतं, खळगे पडतात. उभ्या उभ्या झीज. मला लॉकडाउनमधली आमची सोसायटी आठवली, पण ती उपमा इथे बसत नाही, कारण तिथे थरथरही नव्हती.

बेअरिंगची एक बाजू चुंबकीय असते, एबीएसचा सेन्सर तीच वाचतो. मामांनी टाचणी लावून ती बाजू ओळखली आणि सेन्सरच्या दिशेला ठेवली. उलटं बसलं तर चाक फिरेल, पण डॅशबोर्डवर दिवा लागेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. मग हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार दिला. शेवटी टॉर्क पान्हा आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा. जुन्या 'किंचित'ची जागा या आकड्याने घेतली आहे, आणि मामा तो दर वेळी पुस्तक उघडून बघतात.

काम झाल्यावर मी जुनं बेअरिंग मागून घेतलं. आतल्या कड्यावर, गोळ्यांच्या वाटेत, ज्वारीच्या दाण्याएवढा कपचा निघालेला होता. आजूबाजूला करडी, खरबरीत जमीन. बाकीचं कडं अजून आरशासारखं, त्यात माझं नाक दिसत होतं. मी गोळ्या मोजायला लागलो तर मामा म्हणाले, "काय करतोस?" मी म्हटलं, मोजून कोणत्या वारंवारतेला आवाज येत होता ते काढतो. "येत होता ना? मग झालं."

असंच चालवत राहिलो असतो तर काय झालं असतं, हे मी विचारलं. कपचे वाढतात, चाक डुगडुगायला लागतं, एबीएस चुकायला लागतं, बेअरिंग तापतं, आणि फारच दुर्लक्ष केलं तर हब सुटू शकतो. त्या महिन्यात मी खंबाटकी घाट चार वेळा उतरलो होतो, चारही वेळा आई मागे होती.

परतीच्या वाटेवर तिला साताऱ्याहून आणायचं होतं. येताना गाडीत शांतता. मी गाणं लावलं नाही. काचा वर, एसी बंद. मोकळा रस्ता मिळाला तसा साठवर आणलं आणि हळूच डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. काहीच नाही. फक्त नव्या टायरची सळसळ. पुन्हा एकदा डावीकडे घेतली तेव्हा मागून आवाज आला.

"सरळ चालव रे."